मनोहर टॉकीजचं बायकांचं दार

मनुबाईच्या घराला दार होतं, दाराला कडीही होती, पण कडी लावायची रीत त्या घरात नव्हती. आषाढातला वारा म्हसळ्याच्या डोंगरावरून सुटला की दाराची फळी धाडधाड आपटायची, पागोळ्यांचं पाणी उंबऱ्याच्या आत यायचं आणि शेजाऱ्यांचं कुत्रं खुशाल चुलीपाशी येऊन बसायचं. सून राही नवी होती तेव्हा तिने एकदा वैतागून विचारलं, "आत्याबाई, एवढी कडी लावली तर काय बिघडंल?"

मनुबाई म्हणाली, "बिघडंल तवा ती काढायला मिळत न्हाय."

आता ही बाई काही भित्री नव्हे बरं का! घरात विषारी फुरसं निघालं तर हातातल्या पळीने ठेचून, पळी धुऊन, पुन्हा कालवण ढवळायला बसणारी. अंगाने उंच, आवाज असा की नदीपलीकडच्या शेतातला माणूस मान वर करून बघेल. नवरा लवकर गेला, मुलगा सदा मुंबईला गिरणीत, आणि ही बाई एकटीने भातखाचरं सांभाळत होती. भल्याभल्यांना तिने तोंडावर सुनावलेलं. पण दाराला कडी पडल्याचा आवाज आला, मग तो कुणाच्या का घरचा असेना, तिच्या हातातलं काम जागच्या जागी थांबायचं.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्याच वर्षी म्हसळ्याच्या बाजारपेठेत मनोहर टॉकीज उभं राहिलं. पेठेतल्या लोकांना विचाराल तर त्यांच्या लेखी या दोहोंत टॉकीजचीच गोष्ट मोठी होती. श्रीवर्धनला दिनानाथभाऊंच्या सुपारीच्या वाड्या. त्यांना सिनेमाचं वेड. त्या वेडापायी त्यांनी पेठेत जागा घेऊन पत्र्याची मोठी शेड ठोकली आणि मागे ऑइल इंजिन बसवलं. फिल्मच्या पेट्या मुंबईहून बोटीने दिघीला उतरायच्या आणि तिथून बैलगाडीने म्हसळ्याला यायच्या. पावसाळ्यात बोटी बंद म्हणजे सिनेमाही बंद. नारळी पौर्णिमा झाली की सगळं गाव दिघीच्या रस्त्याकडे डोळे लावून बसायचं.

शेडच्या मधोमध माणसाच्या डोक्यावरून जाईल अशी फळ्यांची भिंत होती. उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. पडदा एकच. पुरुषांचं दार पेठेत उघडायचं, बायकांचं मागच्या बोळात. आणि या बायकांच्या दाराला बाहेरून कडी असायची. ही कडी कुणी भाऊंनी काढलेली टूम नव्हती. गावाने घातलेली अट होती ती. पंच बाळाजींचं पेठेत किराणा दुकान आणि त्यांच्या शब्दाला वजन. ते म्हणाले होते, "भाऊ, आमच्या लेकीसुना काळोखात बसणार. कुणी टवाळ आत शिरता कामा नये, आणि आतली कुणी मधेच उठून बाहेर जाता कामा नये. बाहेरून कडी, आणि कडीपाशी मनुबाई. मग आमची हरकत न्हाय."

म्हणजे झालं काय, ज्या घरातून सुनेला एकटीने पाणवठ्यावर पाठवायची मारामार, त्या घरातून सून शनिवारच्या दुपारी तीन तास सिनेमाला जाऊ लागली. का? तर कडी आहे म्हणून. आणि बायकांनाही ती कडी आवडायची, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. बाहेर कडी पडल्याचा खणकन् आवाज आला की आत बायका डोक्यावरचे पदर सोडायच्या, पाय पसरायच्या, मोठ्याने हसायच्या. तीन तास सासू नाही, दीर नाही, कुणी बघायला नाही. मनुबाई बाहेर स्टुलावर बसून तो हशा ऐकायची आणि तिला फार बरं वाटायचं. कुणाचं तान्हं रडलं तर ती दार किलकिलं करून पोर घ्यायची, पुन्हा कडी घालायची आणि पोराला खांद्यावर टाकून बोळात फेऱ्या मारायची. तेही तिचंच काम. साऱ्या गावात तिचा काय रुबाब होता तेव्हा! सुना तिच्याकडे वशिला लावायच्या, "मनुबाय, आमच्या सासूला तेवढं सांगा ना."

त्रेपन्नच्या वैशाखात असंच एक पोर रडायला लागलं. मनुबाईने ते घेतलं, कडी घातली आणि थोपटत थोपटत विहिरीपर्यंत गेली. मागे वळली तर शेडच्या पत्र्याखालून धूर. यंत्राच्या खोलीत फिल्म तुटली होती आणि पेटली होती. तेव्हाची फिल्म म्हणजे काही विचारू नका, ठिणगी पडायचा अवकाश. पुरुष आपल्या दाराने पेठेत धावत सुटले. मनुबाई पोराला छातीशी धरून पळाली, दाराशी आली आणि कडीला हात घातला.

कडी निघेना. दार बाहेर उघडणारं, आणि आतून सगळ्या बायका दाराला रेटत होत्या. त्या जितक्या जोराने रेटत तितकी कडी कोयंड्यात घट्ट ताणली जात होती. "मागं सरा गं! मागं सरा, कडी निघंल!" ती ओरडली. नदीपलीकडे पोचणारा तो आवाज एका फळीपलीकडे पोचला नाही. आतून नुसता कल्लोळ. शेवटी पोराला खाली मातीत ठेवून तिने दगड उचलला आणि कोयंडाच तोडला. दार फाडकन् उघडलं, बायका एकीवर एक बाहेर पडल्या, खरचटल्या, भाजल्या, पण जगल्या.

एक सोडून. पंच बाळाजींची भावजय नीराबाई, तिची सून काशी. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. अंगाने चपळ पोरगी, म्हणून दारापाशी सगळ्यात आधी तीच पोचली होती. आणि मग मागच्या सगळ्यांचा भार तिच्यावर आला. दार उघडेपर्यंत ती दाराला चिकटून उभीच राहिली, पण उघडलं तेव्हा जिवंत नव्हती.

टॉकीज बंद झालं. पोलीस आले, पंचनामा झाला, भाऊंच्या अलिबागच्या कोर्टात खेपा झाल्या. मनुबाईला कुणी दोष दिला नाही. तिनेच दार उघडलं, ती होती म्हणून आमच्या बायका वाचल्या, असंच गाव म्हणायचं. नीराबाई मात्र काही म्हणाली नाही. तसं पाहिलं तर ती तोंडाची फटकळ, कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. पण विहिरीवर दोघी समोरासमोर आल्या तर नीराबाई घागर भरायची, चुंबळ डोक्यावर ठेवायची आणि निघून जायची. तिने एकदा तरी शिव्या द्याव्यात, असं मनुबाईला वाटायचं. त्या गप्प राहण्याची तिला भीती वाटायची. काशीला सिनेमाला पाठवताना हीच नीराबाई दारापर्यंत आली होती आणि "कडी नीट घाल गं" म्हणून सांगून गेली होती, तेही मनुबाईच्या ध्यानात होतं.

वर्षं गेली. मनोहरच्या तिकिटाच्या खिडकीत शेळ्या बसू लागल्या. पत्रे गंजले, भिंतीवरच्या चित्रातल्या नटीचं नाक पावसाने धुऊन गेलं. तरी दर दिवाळीनंतर कुणीतरी आवई उठवायचंच, "औंदा मनोहर चालू होतंय!" की झालं, पेठेत आठ दिवस तोच विषय. बाजाराला जाणाऱ्या बायका वाट वाकडी करून त्या बोळातून जायच्या. गौरीच्या जागरणाला जुन्या सिनेमांच्या गोष्टी निघायच्या, कोण रडली होती, कुणाचं पोर मध्येच ओरडलं होतं. राही तर या गोष्टींवर जीव टाकायची. तिने लग्नाआधी अलिबागला मामाकडे एकच सिनेमा पाहिला होता आणि तो ती भात लावताना, भात काढताना, भांडी घासताना पुन्हा पुन्हा सांगायची. नवरा मुंबईला, वर्षातून शिमगा-गणपतीला येणार. एरवी शेत आणि चूल. "आत्याबाई, चालू होईल का वो खरंच?"

"मला काय इचारतीस? मी काय मालकीण हाय?" मनुबाई खेकसायची. पण तिलाही तो हशा पुन्हा ऐकायचा होता. हे ती कुणाला सांगणार? जिथे एक पोर तिच्या हाताखाली गुदमरून गेली, तिथलंच हसणं हवंसं वाटतं, याची तिला लाज वाटायची.

एकसष्टच्या उन्हाळ्यात भाऊ खरोखरच तिच्या अंगणात येऊन उभे राहिले. केस पांढरे झाले होते. राहीने घाईघाईने घोंगडी टाकली, गूळ-पाणी दिलं.

"मनुबाई, मनोहर पुन्हा सुरू करतोय," भाऊ म्हणाले. "यंत्राच्या खोलीला विटांची भिंत घातली, लोखंडी दार बसवलं. आता फिल्मही तशी पेटणारी येत नाही. सगळं झालंय. पण पंच म्हणतात, मनुबाई दारावर बसली तरच घरच्या बायका पाठवू."

"आनी कडी?"

भाऊ खाली बघायला लागले. "कडी हवी म्हणतात. पूर्वीसारखी."

मनुबाई म्हणाली, "आतून लावा. मी भायेर बसन. भायेरचा कुनी येनार न्हाय, आनी आतलीला जीव वाचवायचा तर वाचवता येल."

भाऊंना ते पटलं. ते पंचांकडे गेले. संध्याकाळी परत आले ते चेहरा पाडूनच. बाळाजी म्हणाले होते, आतून कडी म्हणजे कडी नसल्यासारखीच, मग आमच्या बायका घरीच बऱ्या. "बायकांची बाजू रिकामी राहिली तर मला चालवणं जमायचं नाही, मनुबाई," भाऊ म्हणाले. "मी तुम्हाला भरीला घालत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर पत्रे उतरवून विकून टाकीन. तुम्हाला कुणी बोल लावणार नाही."

राही खांबाला धरून उभी होती. ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मनुबाईने तिला झापून नाही म्हणून टाकलं असतं. पण पोरीने नुसती मान फिरवली आणि रिकामा तांब्या उचलून आत गेली. मनुबाई म्हणाली, "बसन मी."

असं बोलून तर बसली, पण त्या दिवसापासून तिच्या जिवाला थारा राहिला नाही. जेवण गोड लागेना. ओल्या लाकडाचा धूर झाला की ती ताटावरून उठायची. लावणीला वाकली की चिखलात काशीचा चेहरा दिसायचा. तो चेहरा रागावलेला नसायचा, नुसता दाराला टेकलेला असायचा. आणि या खेपेला आत राही असणार होती. राहीही अंगाने चपळच. दाराशी आधी तीच पोचेल, हे मनुबाईच्या डोक्यातून जाईना.

पाऊस ओसरायला लागला तशी ती एकदा भरदुपारी त्या बोळात गेली. सुतार जेवायला गेला होता. दाराला नवी कडी, नवा कोयंडा. तिने कडी उचलली. हात असा थरथरत होता की ती कोयंड्यात जाईना, नुसती त्याच्यावर आपटली. खणकन्!

मनुबाई थबकली. तिने पुन्हा मुद्दाम तशीच आपटली, आणि सोडून दिली. कडी लोंबकळत राहिली. आवाज मात्र हुबेहूब कडी घातल्याचा. आत बसलेल्या बाईला कळणार नाही, बोळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पुरुषाला कळणार नाही. दाराला पाठ लावून बसलं आणि पदर सोडून कडी झाकली की झालं.

या युक्तीने तिची भीती गेली असं मात्र समजू नका. उलट एका भीतीच्या दोन झाल्या. कडी घातली तर पोरी मरतील. नाही घातली आणि कुणी टवाळ आत शिरला, किंवा एखादी पोर बाहेर निघून गेली, तर गाव हिला उभं करील, मनोहरला कायमचं टाळं लागेल आणि म्हसळ्यातल्या बायका जन्मभर हिच्या नावाने बोटं मोडतील. आणि हे तिने कुणाला सांगायचं? राहीलासुद्धा नाही. पोटात ठेवून बाई कामं करत राहिली.

नारळी पौर्णिमा झाली, दिघीला पेट्या उतरल्या आणि पहिल्या शनिवारी दुपारी मनोहर उघडलं. काय गर्दी! ठेवणीतली लुगडी, अंबाडे, कडेवर पोरं. राहीने दोन वेळा वेणी घातली होती. बोळाच्या तोंडाशी बाळाजी दोन-चार जणांना घेऊन उभे. बायका एकेक करून आत जात होत्या आणि मनुबाई प्रत्येकीचं तोंड बघून घेत होती.

सगळ्यात शेवटी नीराबाई आली. हिची कुणाला अपेक्षाच नव्हती. बायका गप्प झाल्या. नीराबाई उंबऱ्याशी थांबली, कडीकडे पाहिलं, मग मनुबाईकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती तिच्याशी बोलली.

"कडी घालनार का?"

हिला हो हवंय की नाही हवंय, तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. पाठीमागे बाळाजी ऐकत होते. "घालनार," ती म्हणाली.

नीराबाई मान हलवून आत गेली. मनुबाईने दार लोटलं, कडी उचलली, आपटली, सोडली. आत क्षणभर सगळं चिडीचूप. मग इंजिन सुरू झालं, पडद्यावर उजेड आला असावा, आणि हळूहळू आत बायका हसू लागल्या. बाळाजी समाधानाने तंबाखू मळत दुकानाकडे गेले. मनुबाई दाराला पाठ टेकून बसली. वारा आला की फळी तिच्या पाठीला ढोसायची आणि ती पाय रोवून ती दाबून धरायची. कुणी बोळातून आलं की ती पदर आणखी पसरून कडी झाकायची.

निम्मा सिनेमा झाला असेल नसेल, आणि इंजिनाचा धडधडाट थांबला. एक मोठा आवाज झाला आणि मागच्या इंजिनाच्या खोपटातून काळा धूर भसकन् बाहेर आला. वाऱ्याने तो थेट पत्र्याच्या फटीतून आत नेला. पुरुषांच्या बाजूला शिट्ट्या सुरू झाल्या. बायकांच्या बाजूला आधी काहीच नाही. मग कुणीतरी किंचाळली, "धूर! अगं बाई, धूर!"

आतून पावलं धावत आली. मनुबाई उठली, बाजूला झाली आणि दोन्ही हातांनी दार सताड ओढलं. दुपारचं ऊन आत पडलं. सगळ्यात पुढे राही होती, डोळे विस्फारलेले, हात पुढे केलेले. ज्या दाराला रेटायला ती निघाली होती ते समोर नव्हतंच, त्यामुळे ती धडपडत थेट बोळात आली आणि गुडघ्यावर पडली. तिच्यामागून सगळ्या आल्या, खोकत, पोरांना आवळून धरत. मनुबाईने राहीला उचललं आणि तिच्या अंगाखांद्यावरून हात फिरवत राहिली. "हाय ना गं? हाय ना?" तिला दुसरं काही बोलताच येईना.

आग नव्हती. इंजिन बिघडलं होतं, एवढंच. भाऊ पळत येऊन तसं सांगून पुन्हा पळाले. पण तोवर पेठेतले पुरुष बोळाच्या तोंडाशी जमले होते आणि बाळाजी दारापाशी आले होते. त्यांनी कडी पाहिली, कोयंडा पाहिला. नवा, न तुटलेला.

"मनुबाय, कडी घातली व्हतीस का न्हाय?"

मनुबाईला खोटं बोलायचं बळ उरलं नव्हतं. "न्हाय घातली," ती म्हणाली.

"आमच्या लेकीसुना उघड्या दारात बसवल्यास? आमच्या तोंडावर घालते म्हनून?" बाळाजींचा आवाज चढला. "चला गं, समद्या घरी चला! भाऊंना सांगा, आजपासून बंद."

बायका जिथल्या तिथे उभ्या. कुणी हलेना. मनुबाईला वाटलं, संपलं. आपल्या हाताने दुसऱ्यांदा हे दार बंद झालं.

तेवढ्यात नीराबाई आतून बाहेर आली, सगळ्यांच्या शेवटी. घाई नाही, गडबड नाही. तिने दाराची फळी हाताने जराशी ढकलली, ओढली, पुन्हा ढकलली. मग दिराकडे, बाळाजींकडे वळली.

"भावजी, त्या टायमाला घातली व्हती," ती म्हणाली. "तुमी सांगितलं, मी बी सांगितलं, म्हनून तिनं घातली व्हती. चांगली नीट घातली व्हती."

नीराबाईचे डोळे भरून आले होते, पण ते पुसायची तसदी तिने घेतली नाही.

"बगा नीट," ती म्हणाली. "दार उगडं हाय. कुटं गेलीय का एक तरी?"

कुणीच कुठे गेली नव्हती. ज्या आत होत्या त्या सगळ्या तिथेच, दारासमोर, अंग चोरून उभ्या होत्या. मागे खोपटात इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि धडधडायला लागलं. नीराबाई वळली आणि आत गेली. मग एक गेली, मग दुसरी. राही गुडघ्याची माती झटकत गेली. बाळाजी मान खाली घालून दुकानाकडे निघाले. त्यांच्यामागे बाकीचे पांगले.

दार उघडंच राहिलं. उन्हाने पडदा फिका दिसतो म्हणून कुणीतरी आतून ते अर्धं ओढून घेतलं. नीराबाई उंबऱ्याजवळच बसली होती. तिने बाहेर डोकं काढून हाक मारली.

"मनू, ये आत. आता भायेर काय राखतीस?"

मनुबाई स्टुलावर बसली होती. तिने आत पाहिलं. काळोख, पाठमोऱ्या बायका, आणि पलीकडे कुठेतरी हसणारी राही. तिला जावंसं फार वाटलं. ती उठलीही, उंबऱ्यापर्यंत गेली, आणि तिथेच थांबली.

"नको नीराबाय," ती म्हणाली. "मला आत भ्याव वाटतं. तुमी बसा. मी हाय हितं."